कानाजवळचा हात

फोटोत बाबांचा उजवा हात कानाजवळ आहे. ट्रकची काच अर्धी खाली, उरलेल्या काचेवर कोळशाची धूळ, आणि मुठीत काहीतरी काळपट. फोटोखाली गाडीचा नंबर, ठिकाण रेल्वे फाटक, वेळ अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. कारण: वाहन चालवताना मोबाइलचा वापर.

माझे बाबा वणीकडच्या एका खाणीतून रेल्वे सायडिंगपर्यंत, म्हणजे मालगाडी भरतात त्या रुळांपर्यंत, कोळसा वाहणारा ट्रक चालवतात. ट्रक मालकाचा आहे. चालान आधी मालकाच्या मोबाइलवर आलं. त्यानं ड्रायव्हर म्हणून बाबांचं नाव कळवलं, आणि काही आठवड्यांनी कोर्टाचा कागद थेट आमच्या घरी आला. मालकानं बाबांना बोलावून सरळ सांगितलं, "दंडाचं जाऊ दे, तो मी भरतो. पण मोबाइलच्या केसमधी लायसन तीन महिने जमा होऊ शकते. तेवढे दिवस गाडी उभी ठेवू काय मी? दुसरा ड्रायव्हर बसवीन. अन् तो एकदा बसला का मी त्याले उठवणार नाही."

म्हणजे प्रश्न दंडाचा नव्हता. बाबा ज्या सीटवर मी चौथीत असल्यापासून बसत होते, ती सीट जाणार होती.

बाबांनी तो कागद माझ्यासमोर ठेवला. घरात कुठलाही कागद आला की तो माझ्यासमोर येतो. बारावीच्या पुढे गेलेली आमच्यात मी पहिली, त्यामुळे विजेच्या बिलापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळं मला कळतं असा घरच्यांचा समज आहे. मला कळत नाही. मी फक्त दोनदा वाचते.

हा कागदही दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना तारखेवर बोट थांबलं. ती शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती. आमच्या घरात फोन एकच, बाबांचा, आणि आधारला, बँकेला, सगळ्याला त्यांचाच नंबर जोडलेला. ओटीपी त्याच फोनवर येणार म्हणून मी सकाळीच तो मागून घेतला होता. अकरा बेचाळीसला बाबांचा फोन माझ्या हातात होता. कॉलेजसमोरच्या नेट कॅफेत मी त्याच्या पडद्याकडे डोळे लावून बसले होते.

मी फोन उघडला. ओटीपीचा मेसेज अजून होता. वेळ अकरा एक्केचाळीस.

"बाबा, फोन तर माह्याजवळ होता."

"हो नं."

"मंग तुमच्या हातात काय होतं?"

"कान खाजवत असन." बाबा कागदाकडे न पाहता म्हणाले. "जाऊ दे बाई. कबूल म्हणून देतो, मामला खतम."

"अन् लायसन?"

"तीन महिनेच नं. सोयाबीनच्या मळणीवर जाईन. माणूस काय उपाशी मरते काय?"

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "अजी, पोरगी सांगून राह्यली का फोन तिच्याजवळ होता. तुमाले कबूल करायची एवढी घाई काहून?"

बाबा उठून बाहेर गेले. मला त्यांचा राग आला. जे केलंच नाही ते हा माणूस का मान्य करतो आहे, हे मला समजेना. मला वाटलं, कोर्टाची भीती असेल. भीती मलाही होती. पण अकरा एक्केचाळीसचा मेसेज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो खोटा नव्हता.

कोर्टाच्या पहिल्या दिवशी चूक केली ती मीच.

व्हरांड्यात चालानवाल्यांची गर्दी होती. एक बाबू छापील कागद वाटत होता. नाव, गाडीचा नंबर, सही. सगळे भरत होते, म्हणून मीही भरला, परीक्षेच्या पेपरसारख्या नीट अक्षरात. मला वाटलं, ही हजेरी असावी. बाबांनी मी बोट ठेवलं तिथे सही केली. ते रोज खाणीच्या काट्यावर वजनाच्या पावत्यांवर अशाच सह्या करतात. बोट दाखवलं की सही. कागद जमा झाला.

शेजारी एक दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "झालं. आता नाव पुकारलं का कबूल म्हणायचं, दंड भरायचा, अन् घर."

माझ्या हातात एक जास्तीचा कोरा कागद राहिला होता. तो मी तेव्हा वाचला. वरच्या ओळीत छापलं होतं, की मी माझा गुन्हा स्वखुशीने कबूल करतो. दोनदा वाचणारी मी, तो मी एकदाही वाचला नव्हता.

मी बाबूकडे धावले, पण कागद आत गेले होते. तेवढ्यात बाबांचं नाव पुकारलं. बाबा पिंजऱ्याजवळ जाऊन उभे राहिले, चप्पल काढावी की नाही या विचारात. न्यायाधीश साहेबांनी मान वर न करता विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

बाबांनी तोंड उघडलं. मी मागच्या बाकावरून उठून उभी राहिले होते. कधी उठले ते मला आठवत नाही.

"सर, नाही."

आता साहेबांनी मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी… मुलगी. यांची."

"वकील आहात?"

"नाही सर. बी.ए. सेकंड इयर."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "आरोपीनं स्वतः बोलायचं असतं. तुम्ही बसा." मग बाबांना म्हणाले, "हा अर्ज वाचून सही केली का?"

"पोरीनं भरला साहेब."

"पोरीला काही वेगळंच म्हणायचं दिसतंय. तुमचं काय म्हणणं आहे?"

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं असं मला वाटलं, पण तेवढ्यात पंख्याचे दोन-तीन फेरेच झाले असतील. त्या नजरेत विनवणी होती. मी ती चुकीची वाचली. मला वाटलं, ते मदत मागताहेत. मी जोरात मान हलवली.

"कबूल नाही," बाबा म्हणाले.

साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला, पुढची तारीख दिली आणि सांगितलं की वकील करणं परवडत नसेल तर याच इमारतीत विधी सेवेचं कार्यालय आहे, तिथे अर्ज करा, मोफत मिळेल.

आता कॉलेजात कोणी मला चालानबद्दल विचारलं तर मी आधी हेच सांगते. सही करायच्या आधी वाच. कबूल नसेल तर "कबूल नाही" हे तुझ्याच तोंडून निघालं पाहिजे. आणि खरंच चूक केली असेल तर माझ्याकडे येऊ नको, दंड भर. हे तिसरं सांगितल्यावर अर्धे जण परत जातात.

आम्हाला मिळालेल्या वकील मॅडम तरुण होत्या. त्यांच्या टेबलावर फाइलींच्या मध्ये डबा उघडा होता आणि त्या जेवता जेवता ऐकत होत्या. मेसेज पाहिला तेव्हा मात्र पोळी खाली ठेवली.

"हा मेसेज पुसला जाऊ देऊ नकोस. फोन बदलू नकोस, दुरुस्तीला देऊ नकोस. मोबाइलमधलं कोर्टात दाखवायचं तर त्याच्यासोबत एक प्रमाणपत्र लागतं, ते मी करून घेते. नेट कॅफेची पावती आहे?"

होती. शिष्यवृत्तीच्या कागदांना मी टाचून ठेवली होती.

"छान. आणि साक्ष तुला द्यावी लागेल. देशील?"

वर्गात सर प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर येत असूनही मी हात वर करत नाही. मी म्हटलं, "देईन."

मग त्या बाबांकडे वळल्या. "दादा, हातात काय होतं?"

"कान खाजवत होतो मॅडम."

त्यांनी फोटो जवळ घेतला. "मूठ बंद करून?"

मॅडमनी थोडं थांबून फोटो फाइलीत ठेवला. "हातात काय होतं हे आपल्याला सांगायचीही गरज नाही. मोबाइल नव्हता, एवढं पुरे. पण एक ऐका. सांगायचं नसेल तर गप्प राहा. खोटं मात्र सांगू नका. एक खोटं सापडलं की खरं असेल तेही धुऊन जातं."

परत येताना एसटीत मी बाबांना विचारलं नाही. माझ्या डोक्यात फाटक होतं. रविवारी मी तिथे गेले. वाहतुकीचे हवालदार जिथे उभे राहतात त्या कडुनिंबापासून ट्रकांच्या रांगेपर्यंत पावलं मोजली. चौतीस भरली. मधे दुसऱ्या बाजूची गाड्यांची रांग होती आणि कोळशाची भुकटी इतकी उडत होती की माझ्या पांढऱ्या ओढणीवर रेघा उठल्या. मी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. मॅडम तो पाहून म्हणाल्या, "तुझ्या कॉलेजात याला मार्क आहेत का?" तरी त्यांनी तो फाइलीला लावला.

दोन तारखा नुसत्याच गेल्या. एकदा हवालदार बंदोबस्तावर होते, एकदा साहेब रजेवर. प्रत्येक तारखेला बाबांची एक पाळी बुडे आणि मालक विचारी, "अजून चालूच हाय काय तुही केस?" दुसऱ्या तारखेनंतर बाबा म्हणाले, "आता तरी सोड बाई." मी नाही म्हटलं. इतक्या स्पष्टपणे त्यांना नाही म्हणायची ती माझी पहिलीच वेळ असावी. घरी आल्यावर मला रडू आलं, पण तारीख मी वहीत लिहून ठेवली.

तिसऱ्या तारखेला सगळे आले.

आधी हवालदारांची साक्ष झाली. ते वयस्क होते, टोपी काखेत धरून उभे. मॅडमनी विचारलं, "तुम्ही उभे होता तिथून ट्रक किती लांब होता?"

"असेल वीस-पंचवीस मीटर."

"फोटोत हातातली वस्तू मोबाइलच आहे हे दिसतं?"

हवालदारांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. "काळं काहीतरी दिसते. हात कानाजवळ होता म्हणून मी समजलो."

"समजलात."

"हो मॅडम. समजलो." ते खरं बोलले. मला त्यांच्याबद्दल वाईट विचार करता आला नाही.

मग साहेबांनी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "मोबाइल नव्हता साहेब." हातात काय होतं, यावर ते गप्प राहिले. साहेबांनी तसंच लिहून घेतलं.

मग मी. शपथ घेताना आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा घ्यायला लावली. मी फॉर्मचं सांगितलं, कॅफेचं, मेसेजचं. फोन पुढे ठेवला. मॅडमच्या प्रश्नांपर्यंत ठीक गेलं. मग सरकारी वकील उठले. ते रागीट नव्हते, पण त्यांना घाईही नव्हती.

"वडिलांकडे दुसरा मोबाइल नव्हता कशावरून?"

"सर, दुसरा असता तर माझ्याकडे असता."

मागे कोणीतरी हसलं. मी गंमत केली नव्हती.

"बरं. मग फोटोत हातात काय आहे?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही एवढा नकाशा काढला, पावलं मोजली. घरातल्या घरात वडिलांना विचारलं नाही?"

"विचारलं. ते म्हणाले, कान खाजवत होतो."

"तुम्हाला पटलं?"

शपथ घेतली होती. "नाही," मी म्हटलं.

"म्हणजे वडील लपवतात हे तुम्हाला माहीत आहे. तरी त्यांना वाचवायला तुम्ही इथे येऊन खोटं सांगता, असं मी म्हणतो."

हा वकिलांचा नेहमीचा प्रश्न असतो, असं मॅडमनी मला नंतर सांगितलं. त्याला नुसतं "हे खरं नाही" म्हणायचं असतं. त्यांनी ते आधी शिकवलंही होतं. पण ते वाक्य मला आठवेना. इतक्या लोकांत मला पहिल्यांदाच कोणी खोटारडी म्हटलं होतं. मी कठडा धरून मॅडमकडे पाहिलं.

"खर्रा होता साहेब."

बाबा बोलले होते. पिंजऱ्यातून, न विचारता.

"पोरगी खोटं नाही बोलत. तिले माहीतच नाही. माह्या हातात खर्रा होता. गाड्या थांबल्या होत्या, पुडी दातानं सोडली अन् हात गालाजवळ होता. तिले सांगू नाही शकलो म्हणून कान म्हटलं."

कोर्टात कोणी हसलं नाही. खर्रा काय असतो हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घासून केलेली काळपट पुडी. निम्म्या लोकांच्या खिशात तेव्हाही असेल. पण बाबांच्या खिशात नसायला हवा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. यवतमाळला सरकारी दवाखान्यात दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आज सोडला तर इथंच थांबेल. बाहेर पायरीवर बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. "तुही शपथ बाई, आता हात नाही लावत." मी तेव्हापासून मैत्रिणींना सांगत आले होते, की माझ्या बाबांनी एका दिवसात खर्रा सोडला.

त्यांना कबूल म्हणायची घाई का होती ते मला तेव्हा कळलं. पंख्याखालची ती नजर मदत मागत नव्हती. सोड, म्हणत होती. मळणीवर तीन महिने, सीट गेली तरी चालेल, पण माझ्यासमोर हे नको.

साहेबांनी विचारलं, "आत्ता आहे खिशात?"

बाबांनी मान खाली घातली. "हाय साहेब."

"बाहेर ठेवून या."

बाबा बाहेर गेले आणि रिकाम्या हातांनी आत आले. सरकारी वकिलांनी मला पुढे काही विचारलं नाही. मी त्यांच्याकडे पाहून म्हटलं, "सर, मी खोटं बोलले नाही." उशीर झाला होता, पण मला ते नोंदीत हवं होतं. साहेबांनी लिहायला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीनंतर निकाल आला. मोबाइल वापरल्याचं सिद्ध झालेलं नाही, निर्दोष मुक्तता. साहेबांनी तो चार ओळींत वाचला आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. लायसन राहिलं. मॅडमनी निकालाची प्रत मागायचा अर्ज लगेच लिहायला लावला. ती प्रत जपून ठेवा, म्हणाल्या, उद्या ऑनलाइन चालान तसंच दिसत राहिलं तर हीच दाखवावी लागेल. तेही मी आता सगळ्यांना सांगते. जिंकून तसंच घरी जायचं नाही, कागद घेऊन जायचं.

बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर ती पुडी होती, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा ठेवलेली. आम्ही दोघांनी ती पाहिली. बाबा थांबले. मीही थांबले.

"आई तुले काय म्हणन?" ते म्हणाले.

"मले नाही, तुमाले म्हणन."

ते थोडे हसले. मग म्हणाले, "आता शपथ नाही घेत. तुह्या डोक्याची तर नाहीच."

"नका घेऊ. दवाखान्यात चला. गाल पुन्हा दाखवायचा हाय."

"पाहू."

"पाहू नाही. सोमवारी."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी पाळी हाय."

"कोर्टासाठी चार पाळ्या बुडवल्या. पाचवी बुडवा."

मी मालकाला फोन लावून बाबांच्या हातात दिला. रस्त्याच्या कडेला, गाड्यांपासून दूर उभं राहून त्यांनी तो कानाला लावला. "सुटलो मालक," ते म्हणाले. "उद्या येतो. सोमवारी मात्र नाही." पुडी भिंतीवरच राहिली. नंतर कोणी उचलली असेल.

बाबांचा खर्रा सुटला आहे असं मी आता कोणाला सांगत नाही. तो कमी झाला आहे. खातात तेव्हा माझ्यासमोर खातात, आणि मी समोरच भांडते. डॉक्टरांनी चट्ट्यावर लक्ष ठेवायला सांगितलं आहे, दर तीन महिन्यांनी या म्हणाले. त्या तारखा मी त्याच वहीत लिहिते, कोर्टाच्या तारखांच्या खाली. अजून एकही चुकू दिलेली नाही.